सुक्या लाकडात आकार शोधणारे एसपी

हेमंत करकरे म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती मुंबईची २६ नोव्हेंबरची रात्र. पण देशानं त्यांना ओळखण्याच्या बरंच आधी ते आपल्या चंद्रपूरचे एसपी होते. या अधिकाऱ्याची कारकीर्द आणि त्यांच्यामागं कविताताईंनी विचारलेला एक साधा प्रश्न, यांची ही गोष्ट.

जिल्ह्याच्या गावात कलेक्टर आणि एसपी ही दोन माणसं सगळ्यांना ठाऊक असतात, पण ओळखीची कुणाच्याच नसतात. दोन-अडीच वर्षं झाली की बदलीचा आदेश येतो, बंगल्यापुढं ट्रक लागतो, सामान निघतं. नव्या साहेबांच्या नावाची पाटी लागते आणि गाव जुनं नाव विसरून जातं. चंद्रपूर-गडचिरोलीकडं बदली म्हणजे शिक्षा, असा समज तर सरकारी नोकरीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला इकडची ऑर्डर आली की घरात सुतकच पडतं म्हणा ना!

अशा या जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक उंच, शिडशिडीत, शांत बोलणारे एसपी आले होते. नाव हेमंत करकरे. जंगलात फिरताना वाळकी लाकडं उचलून आणायची आणि त्यांतून शिल्पं घडवायची, असा त्यांचा छंद होता. काष्ठशिल्पं म्हणतात त्यांना. चंद्रपूरच्या मुक्कामात, दोन वर्षांत त्यांनी दीडशेच्या आसपास काष्ठशिल्पं केली, असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं आहे.

आता आपल्याकडं वाळकं लाकूड म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको. पहाटे उठून जंगलात जायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन चार-पाच किलोमीटर चालत यायचं आणि चूल पेटवायची. सागाची फांदी असो की ऐनाची, मोहाची असो की बिजाची, आपल्या लेखी ते जळण. त्याच लाकडाकडं एक पोलीस अधिकारी वेगळ्या नजरेनं बघत होता. या बोडख्यात पक्षी दडलाय का, या मुळात माणूस बसलाय का, असं.

काष्ठशिल्पाची एक गंमत असते. त्यात छिन्नी-हातोड्याचं काम कमी आणि बघण्याचं जास्त. वाऱ्यापावसानं, वाळवीनं, नदीच्या पाण्यानं लाकडाला आधीच एक आकार दिलेला असतो. करणाऱ्यानं तो ओळखायचा, साल काढायची, घासूनपुसून तो आकार मोकळा करायचा. आपल्या मनातला आकार जबरदस्तीनं लाकडावर लादला की ते फुटतं. तपासाचं कामही काहीसं असंच असतं, नाही का? समोर जे आहे ते नीट बघायचं. आपल्याला हवं ते त्यात घुसडायचं नाही.

वर्ध्याच्या शाळेतून

करकरे काही परके नव्हते. विदर्भातच वाढलेले. जन्म १२ डिसेंबर १९५४चा. वर्ध्याला म्युनिसिपालिटीच्या प्राथमिक शाळेत आणि मग न्यू इंग्लिश हायस्कूलमध्ये शिक्षण झालं. पुढं नागपूरच्या विश्वेश्वरय्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९७५ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले. नागपूरकर या कॉलेजला तेव्हा 'व्हीआरसी' म्हणायचे. आज ते व्हीएनआयटी झालं आहे.

इंजिनिअर झाल्यावर राष्ट्रीय उत्पादकता परिषदेत काम केलं, मग हिंदुस्थान लिव्हरसारख्या मोठ्या कंपनीत नोकरी. त्या काळात लिव्हरची नोकरी म्हणजे मुलीच्या बापानं डोळे झाकून हो म्हणावं अशी! पगार चांगला, कंपनी नावाजलेली. ती सोडून ते स्पर्धा परीक्षेकडं वळले आणि १९८२च्या तुकडीत भारतीय पोलीस सेवेत, म्हणजे आयपीएसमध्ये दाखल झाले.

योगायोग बघा. त्याच १९८२ सालात, २६ ऑगस्टला, चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली हा नवा जिल्हा तयार झाला. चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा जिल्हा, त्यातला बहुतेक भाग जंगलाचा. कोरचीपासून सिरोंचापर्यंत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर एक अख्खा दिवस मोडायचा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटायचं.

आयपीएस ही देशपातळीवरची सेवा. निवड दिल्लीतून होते, पण अधिकारी एका राज्याला दिला जातो आणि त्याची उमेदवारी जिल्ह्यांत होते. आधी सहायक अधीक्षक, मग अधीक्षक म्हणजे आपले एसपी, पुढं उपमहानिरीक्षक, महानिरीक्षक आणि वरची पदं. पण ज्यांनी ही नोकरी केली त्यांना विचारा. पोलिसाला खरं शिकवतो तो जिल्हा. मुंबईत बसून फाइली वाचता येतात. माणूस वाचायला मात्र गावातच शिकावं लागतं.

दोन धाकांमधलं गाव

चंद्रपूर जिल्ह्याचं तेव्हाचं चित्र डोळ्यांपुढं आणा. एकीकडं कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, दुर्गापूरचं वीज केंद्र. म्हणजे कामगार, युनियन, कोळशाची चोरी, दारू, मारामाऱ्या. दुसरीकडं ताडोबाचं जंगल आणि राजुरा-गोंडपिपरीकडून आंध्रकडं सरकत गेलेला वनपट्टा. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली.

नक्षलवादी चळवळीची माणसं आंध्रातून या जंगलात उतरली ती १९८०च्या सुमारास. तेंदूपत्त्याची मजुरी वाढवून मिळावी, कागद कारखान्यासाठी बांबू तोडणाऱ्यांना बरा भाव मिळावा, जंगलखात्याच्या शिपायानं कोंबडी-बकरी फुकट नेऊ नये, या मागण्या खऱ्या होत्या. गावाला त्या आपल्या वाटल्या. पण त्यांच्यामागून बंदूक आली. पोलिसांना खबर दिली या नुसत्या संशयावरून माणसं मारली जाऊ लागली. मग पोलिसांचा ससेमिरा वाढला. रात्री दलम जेवायला मागायचं आणि सकाळी पोलीस विचारायचे, 'रात्री कुणाला जेवू घातलं?' भाकरी थापणारी बाई दोन्हीकडून कात्रीत. नाही म्हणावं तर रात्रीवाल्यांची भीती, हो म्हणावं तर दिवसावाल्यांची.

शिवाय भाषेची अडचण. गाव माडिया किंवा गोंडी बोलणार, पोलीस मराठी. समोरचा काय सांगतोय हेच कळत नसेल, तर तो साक्षीदार आहे की आरोपी हे ठरवणार कसं?

हे ओळखून गडचिरोलीत एक मोठा बदल झाला. तिथले तेव्हाचे एसपी के. पी. रघुवंशी यांनी १ डिसेंबर १९९०ला स्थानिक तरुणांचं एक पथक उभं केलं. भाषा जाणणारी, वाटा-पाणवठे माहीत असलेली साठ मुलं. तेच पुढं 'सी-६०' या नावानं देशभर गाजलं. बाहेरून फौज आणण्यापेक्षा इथल्याच मुलांच्या हाती काम देणं परिणामकारक ठरलं. पण त्याची दुसरी बाजूही होती. आता दोन्हीकडं लढणारी मुलं इथलीच होती. एकाच गावातला एक दलममध्ये आणि दुसरा पोलिसात. दोघांच्या आया एकाच विहिरीवर पाणी भरणार.

अशा काळात शेजारच्या चंद्रपुरात करकरे एसपी होते. एसपीचं काम म्हणजे केवळ चकमक नव्हे. कुठल्या गावात नवा माणूस दिसतो, कुठल्या ठेकेदाराकडून वसुली होते, कुठल्या ठाण्यात तक्रारदाराला हाकलून लावतात, बाजाराच्या दिवशी गाव पोलिसाला बघून गप्प होतं की राम राम करतं, हे सगळं त्याला कळायला हवं. त्यासाठी गाडीतून उतरून चालावं लागतं. चालताना पायाखालचं लाकूड दिसतं ते यामुळंच.

साहेबांचा बंगला, शिपायाची क्वार्टर

मैत्रिणींनो, पोलीस अधिकाऱ्याच्या कारकिर्दीचा एक भाग कुठल्याच सेवापुस्तकात नसतो. तो भाग म्हणजे त्याचं घर.

कविता करकरे शिक्षिका. बी.एड. कॉलेजात शिकवायच्या, म्हणजे शिक्षक घडवण्याचं काम. जुई, सायली आणि आकाश ही तीन मुलं. नवऱ्याच्या दर बदलीला नवं गाव, मुलांची नवी शाळा, स्वतःच्या कामाची नव्यानं जुळवाजुळव. ज्यांचे नवरे बदलीच्या नोकरीत आहेत त्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. शाळेचा दाखला, गॅसचं कार्ड, रेशन कार्ड यांची फाइल हाताशी ठेवायची आणि पडदे कधी नव्या खिडकीच्या मापाचे निघायचे नाहीत. यातही अधिकाऱ्याची बायको म्हणून लोकांच्या नजरा असतातच. कुणाकडून भेट घ्यायची नाही, कुणाच्या दुकानात जास्त घोटाळायचं नाही. नवरा स्वच्छ राहायचा असेल तर घरही तितकंच स्वच्छ राहावं लागतं. दाराशी येणारी मिठाईची पेटी परत पाठवायचं काम बहुतेक वेळा घरातल्या बाईलाच करावं लागतं!

बंगल्याची ही गोष्ट. मग एटापल्ली, धानोरा, भामरागडच्या पोलीस मदत केंद्रात असलेल्या शिपायाच्या घरची काय असेल? तिथं कुटुंब नेताच येत नाही. नवरा जंगलात, बायको गडचिरोलीच्या नाहीतर आलापल्लीच्या भाड्याच्या खोलीत. मोबाइल नव्हते तेव्हा आठ-आठ दिवस खबर नसायची. रस्त्यानं पोलिसांची गाडी वेगात गेली तरी काळजात धस्स व्हायचं. आपल्या भागात कितीतरी बायकांनी अशी वर्षं काढली आहेत. त्यांच्यावर पुस्तक निघालं नाही की सिनेमा झाला नाही.

व्हिएन्ना आणि पुन्हा मुंबई

चंद्रपूरनंतर करकरे यांची कारकीर्द वेगळ्याच वळणावर गेली. देशाच्या बाहेरच्या गुप्तवार्तेचं काम बघणाऱ्या 'रॉ' या संस्थेत ते गेले आणि ऑस्ट्रियात सात वर्षं राहिले. ताडोबाच्या जंगलातून थेट युरोपात! त्या कामाबद्दल बोललं जात नाही. बोलायचंच नसतं.

परत आल्यावर मुंबई पोलिसांत सहआयुक्त म्हणून प्रशासनाचं काम बघितलं. ते खातं म्हणजे बदल्या, रजा, घरं, शिस्त. चमकदार काहीच नाही. पण शिपायाचं सुखदुःख सगळ्यात जास्त कळतं ते तिथंच. जानेवारी २००८मध्ये ते राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे, म्हणजे एटीएसचे प्रमुख झाले. त्यांच्या आधी हे पद कुणाकडं होतं माहीत आहे? के. पी. रघुवंशी यांच्याकडं. गडचिरोलीत सी-६० उभं करणारा अधिकारी आणि चंद्रपूरचा माजी एसपी, यांनी एकामागून एक हे पथक सांभाळलं. आणि करकरे गेल्यावर ती खुर्ची पुन्हा रघुवंशींकडंच आली.

२९ सप्टेंबर २००८ला मालेगावात मोटारसायकलमध्ये ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला. एटीएसनं तपास करून साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर आणि लष्करातले लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह काही जणांना अटक केली आणि गदारोळ उठला. काहींना हा तपास धाडसाचा वाटला, काहींना राजकारणाचा. करकरे यांच्यावर जाहीर टीका झाली. पुढं हा खटला राष्ट्रीय तपास यंत्रणेकडं, म्हणजे एनआयएकडं गेला आणि ३१ जुलै २०२५ला विशेष न्यायालयानं सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. म्हणजे स्फोटात माणसं गेलेल्या घरांना सतरा वर्षांनंतरही उत्तर मिळालं नाही. तपास, खटला, निकाल यांत किती वर्षं जातात आणि तेवढ्या काळात तपास करणाराही जगात उरत नाही, हे या खटल्यानं दाखवलं.

ती रात्र

२६ नोव्हेंबर २००८. करकरे दादरच्या घरी रात्रीचं जेवण करत होते. पावणेदहाच्या सुमारास फोन आला, सीएसटीवर गोळीबार सुरू आहे. ताटावरून उठून ते निघाले. थोड्या वेळानं साऱ्या देशानं त्यांना टीव्हीवर पाहिलं. फिक्या निळ्या शर्टावर बुलेटप्रूफ जाकीट चढवताना, डोक्यावर हेल्मेट घालताना.

तिथून ते कामा हॉस्पिटलकडं गेले. त्यांच्यासोबत पूर्व विभागाचे अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि वरिष्ठ पोलीस निरीक्षक विजय साळसकर होते. कामटे यांचीही नोकरीच्या सुरुवातीची उमेदवारी आपल्याच भागात, भंडारा जिल्ह्यात झालेली. कामाशेजारच्या रंगभवन गल्लीत त्यांच्या क्वालिस गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. तिघं अधिकारी गेले, गाडीतले तीन शिपाईही गेले. अरुण जाधव हे एकटे पोलीस कर्मचारी जखमी होऊन वाचले.

२६ जानेवारी २००९ला दिल्लीच्या राजपथावर करकरे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. राष्ट्रपती होत्या विदर्भातून खासदार झालेल्या प्रतिभाताई पाटील. कविताताईंनी ते त्यांच्या हातून घेतलं. टीव्हीपुढं बसलेल्या कितीतरी बायकांचे डोळे त्या दिवशी पाणावले असतील.

आपल्याकडं बहुतेक वेळा गोष्ट इथंच संपते. हार, भाषण, चौकाला नाव. वीरपत्नीनं डोळे पुसायचे आणि घरी जायचं.

जाकीट कुठं आहे?

कविताताई घरी बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, माझ्या नवऱ्याच्या अंगावरचं बुलेटप्रूफ जाकीट कुठं आहे?

प्रश्न किती साधा! गेलेल्या माणसाचे कपडे, चष्मा, घड्याळ घरच्यांना परत देतात. पण हे जाकीट काही घरच्यांकडं आलं नाही. माहितीच्या अधिकारात, म्हणजे आरटीआयमध्ये, विचारणा झाली. तेव्हा उत्तर आलं, जाकीट सापडत नाही. ते हॉस्पिटलमध्ये कचऱ्यात टाकलं गेलं, असं पुढं सांगण्यात आलं. एवढ्या मोठ्या हल्ल्यातला एक महत्त्वाचा पुरावा कचऱ्यात? ज्या जाकिटावर एक अधिकारी विसंबला, ते गोळी अडवण्याच्या लायकीचं होतं का, हे तपासायचं तरी कसं? कविताताईंनी जाकिटाच्या दर्जाबद्दल उघड शंका घेतली. त्याबद्दल त्या वाहिन्यांवर बोलल्या, सभांमध्ये बोलल्या.

अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनीही असाच पाठपुरावा केला. त्यांनी आरटीआयमधून त्या रात्रीच्या पोलीस कंट्रोल रूमच्या नोंदी मिळवल्या. करकरे यांनी कामा हॉस्पिटलच्या पुढच्या बाजूनं कुमक मागितली होती, ती वेळेवर का पोहोचली नाही, असा त्यांचा प्रश्न होता. 'टू द लास्ट बुलेट' हे त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. त्यातले आरोप वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मान्य केले नाहीत, वाद झाले. पण एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. दोन बायका, दोघींच्या कपाळावरचं कुंकू नुकतंच पुसलेलं, आणि दोघी हातात कागद घेऊन व्यवस्थेला तारीख आणि वेळ विचारत होत्या.

अशा वेळी बाईला काय काय ऐकावं लागतं ते आपण जाणतो. 'एवढं अशोकचक्र मिळालं, अजून काय हवं?' 'आता गप्प बसावं, गेलेला माणूस काही परत येतोय का?' पैशासाठी चाललंय, असंही कुणी म्हणू शकलं असतं. पण गुजरात सरकारनं देऊ केलेली एक कोटी रुपयांची मदत कविताताईंनी नाकारली होती. त्यामुळं ते तोंड आधीच बंद झालं. त्यांना रक्कम नको होती, उत्तर हवं होतं.

हा प्रश्न आपल्या जंगलाचा

मुंबईतलं एक हरवलेलं जाकीट, त्याच्याशी आपला काय संबंध, असं वाटेल. संबंध फार जवळचा आहे.

मुंबईच्या हल्ल्यानंतरचंच वर्ष आठवा, २००९. गडचिरोली जिल्ह्याच्या इतिहासातलं सगळ्यात काळं वर्ष. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी त्याच तालुक्यात हत्तीगोट्याजवळ १६ जण गेले आणि त्यांत पाच महिला पोलीस होत्या. ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ जण गेले. एका वर्षात, तीन ठिकाणी, ४८ माणसं.

त्या पाच जणींचा विचार करून बघा. पोलीस भरतीच्या मैदानावर धावलेल्या, घरात पहिल्यांदा पगार आणणाऱ्या मुली. लेकीच्या अंगावर खाकी बघून आई-बापाला किती अभिमान वाटला असेल! २६ नोव्हेंबरच्या वर्षश्राद्धाला देशभर मेणबत्त्या लागतात. २१ मेची तारीख गडचिरोलीबाहेर किती जणांना आठवते?

१ मे २०१९ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला. ते खाजगी गाडीतून चालले होते. तेव्हाही तोच प्रश्न उभा राहिला, वेगळ्या शब्दांत. पुढचा रस्ता तपासला होता का? जाण्याचा हुकूम कुणी दिला? त्या पंधरा घरांतल्या बायकांनी हे विचारलं तर त्यांना कागद कोण दाखवणार?

म्हणून कविताताईंचा प्रश्न एकट्या एसपीच्या बायकोचा राहत नाही. त्यांच्याकडं शिक्षण होतं, मुंबईचा पत्ता होता, पत्रकार त्यांचं ऐकत होते. त्यांनासुद्धा 'सापडत नाही' हेच उत्तर मिळालं. मग अहेरीच्या क्वार्टरमधल्या बाईनं कुणाकडं बघावं? पण एकीनं विचारलं की दुसरीला वाट दिसते. आरटीआयचा अर्ज साध्या कागदावर, मराठीत करता येतो, फी दहा रुपये, आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. हे आज बचत गटातल्या बाईलाही ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूच्या बायका

आणि जंगलातल्या दुसऱ्या बाजूलाही बायकाच होत्या. दलममध्ये मुली मोठ्या संख्येनं गेल्या. कुणी घरच्या जाचाला कंटाळून, कुणी नको असलेलं लग्न टाळायला, कुणी गाण्याबजावण्याच्या ओढीनं, कुणी खरोखर विचार पटून. २२ एप्रिल २०१८ला भामरागड तालुक्यात बोरिया-कसनासूरजवळ झालेल्या चकमकीत बरेच जण मारले गेले. त्यांत बायकाही होत्या. त्यांनाही आया होत्या.

१ जानेवारी २०२५ला तारक्का नावानं ओळखली जाणारी विमला सिडाम हिनं गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र खाली ठेवलं. अहेरीकडची ही पोर तरुणपणी दलममध्ये गेली आणि बाहेर आली तेव्हा चार दशकं उलटून गेली होती. नऊ-साडेनऊ महिन्यांनी, १५ ऑक्टोबर २०२५ला, तिचा नवरा भूपती यानंही आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरणागती पत्करली. चाळीस वर्षांच्या हिंसेनंतर जिल्हा आता जरा मोकळा श्वास घेतो आहे. जिथं एसटी जात नव्हती तिथं एसटी पोहोचते आहे.

पण हिशेब संपलेला नाही. बंदूक थांबली की प्रश्न संपले, असं समजण्याची चूक होऊ शकते. तेंदूपत्त्याचा बोनस, जंगलाचा हक्क, खाणीचं पाणी, दवाखान्यातला डॉक्टर, हे सगळं तसंच उभं आहे. आणि इथल्या बाईचा पोलिसांशी रोजचा संबंध येतो तो नक्षलवादामुळं नाही, दारूमुळं. गडचिरोलीत १९९३ला दारूबंदी झाली ती बायका रस्त्यावर उतरल्यामुळं. चंद्रपूरची २०१५ला झाली आणि २०२१ला उठली. गावात गाळणारा कोण, विकणारा कोण, हे बायकांना माहीत असतं. ठाण्यात गेल्यावर साहेब खुर्ची देतात की दटावतात, यावर त्या एसपीची परीक्षा करतात. टीव्हीवर तो कसा दिसतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

मागं काय उरलं

सप्टेंबर २०१४मध्ये कविताताईंना मेंदूत रक्तस्राव झाला आणि २९ तारखेला त्या गेल्या. वय अवघं सत्तावन्न. मुलांनी त्याही स्थितीत अवयवदानाचा निर्णय घेतला. मूत्रपिंडं, यकृत आणि डोळे दिले गेले. वडील गेल्यावर सहा वर्षांनी आईचा हा शेवट, आणि तिन्ही मुलांनी तो इतक्या समंजसपणे पेलला.

मोठी मुलगी जुई नवरे हिनं २०१९मध्ये वडिलांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. शहीद करकरे साऱ्यांचे झाले होते. 'बाबा' मात्र तिचेच होते, आणि ते तिलाच सांगता येणार होते.

पोलीस अधिकाऱ्याची कारकीर्द मोजायची कशानं? पदकांनी म्हणाल तर अशोकचक्राहून मोठं काही नाही. पदांनी म्हणाल तर करकरे महासंचालक झाले नाहीत, तिथवर पोहोचायला आयुष्यच पुरलं नाही. चंद्रपूरपुरतं बोलायचं तर दोन-तीन वर्षांत बदलून गेलेल्या कितीतरी एसपींपैकी ते एक. तरी त्यांचं नाव निघालं की इथला जुना माणूस म्हणतो, 'ते होय, लाकडं गोळा करणारे साहेब!' बंदोबस्ताच्या दगदगीतही या माणसाला इथल्या जंगलात काही सुंदर दिसलं होतं, हे लोकांना भावतं. शिक्षेची बदली म्हणून जिथं लोक नाक मुरडतात, तिथून त्यांनी शिल्पं नेली.

आज गडचिरोलीच्या पोलीस मैदानावर भरतीसाठी पहाटे पाचला धावणाऱ्या मुली दिसतात. माडिया, गोंड, परधान, ढिवर, बंगाली छावण्यांतल्या. त्यांतली एखादी उद्या फौजदार होईल, एखादी आयपीएसही होईल. तिला चांगलं जाकीट मिळो, तपासलेला रस्ता मिळो. आणि घरी तिची वाट बघणारं माणूस कधी प्रश्न विचारायला गेलंच, तर त्याला 'सापडत नाही' असं उत्तर मिळू नये.